इंदिराबाईंचे उभे जाते

मित्रांनो, मी एक जुने जाते आहे. नाक मुरडू नका. मला साऱ्या हिंदुस्थानच्या प्रदर्शनात रौप्यपदक मिळालेले आहे. हो, पदक! पैलवानांना मिळते, शाळेतल्या हुशार मुलांना मिळते, तसले. आता कसे सावरून बसलात! नुसते जाते म्हटले की जांभई, आणि पदक म्हटले की माना वर. अशाच माणसांनी माझ्या उमेदीच्या वर्षांचे वाटोळे केले, म्हणून ही हकिगत सांगायला बसले आहे. मला तोंड आहे, पण ते धान्य घालण्यासाठी दिलेले आहे. नाहीतर त्या पदकावर मी केव्हाच थुंकले असते.

माझा दगड अमझेऱ्याकडचा, काळाभोर आणि घट्ट. लाकूड सागाचे. आणि मला घडवणारा श्रीपाद, तेव्हा अठरा वर्षांचा. त्याचे घर देवासला, पण मामाकडे धारला राहून तो तिथल्या हुन्नरशाळेत सुतारकाम शिकत होता. ब्राह्मणाचा मुलगा रंधा मारतो म्हणून मामाच्या आळीतले लोक तोंडे वाकडी करीत. करोत बापडे. त्या आळीत एकालाही सरळ रेघ मारता येत नव्हती.

श्रीपादची आई इंदिराबाई. दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या ओल्या पायरीवरून त्या पडल्या आणि त्यांची कंबर धरली ती धरलीच. उभ्याने, चालताना त्यांना फारसे काही होत नसे. चुलीपुढे उंच चौरंगावर टेकून त्या स्वयंपाकही निभावून नेत. पण घरातले जाते पडले जमिनीत रोवलेले. तिथे खालीच बसायला हवे, आणि खाली बसून जोर लावला की पुढे त्यांना उठता येत नसे. धाकटी विनोदिनी एक हात धरी, दुसरा हात भिंतीला, असे करून त्या उठत. वैद्यांनी दत्तोपंतांना स्पष्ट सांगितले होते, "पंत, हे खाली बसून दळणं थांबलं नाही, तर चार-सहा वर्षांत बाई अंथरुणाला खिळतील." पंतांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना पोळी मऊ नाही म्हणून तक्रार केली. घरात खाणारी तोंडे सात, दळणारी बाई एक, आणि बाहेरच्या हातचे पीठ त्या घराच्या सोवळ्याला चालत नसे. सोवळ्याला काय, त्याची कंबर थोडीच दुखते!

हुन्नरशाळेत त्या सुमारास नव्या तऱ्हेची उंच मेजे आली होती. श्रीपादचे गुरू उमाशंकर मिस्त्री चाळीस वर्षे जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यात लाकूड धरून काम करीत आलेले. मेजे पाहून त्यांनी आधी मनसोक्त शिव्या दिल्या. महिन्याभराने मात्र पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भिया, मानना पडेगा. खडे होके काम किया तो कमर बच गई."

श्रीपाद हातातला रंधा ठेवून म्हणाला, "मिस्त्री, जातं असं उंचावर चढवलं तर?"

"चक्की? अरे, खडे-खडे कौन पीसता है?"

"माझी आई दळेल."

मिस्त्री पोट धरधरून हसले. दुसऱ्या दिवशी सागाच्या चांगल्यातल्या फळ्या मात्र त्यांनीच काढून दिल्या. हा म्हातारा तोंडाने नाही म्हणायचा आणि हाताने हो म्हणायचा. मला भेटलेली शहाणी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात, त्यांतला हा एक.

श्रीपादने आईला पत्र टाकले. तिकडून एक सुतळी आली, दोन गाठी मारलेली. एक गाठ इंदिराबाईंच्या कमरेची उंची, दुसरी कोपराची. त्या सुतळीवरून माझे चार पाय बेतले, जरासे बाहेर फाकवलेले, म्हणजे दळताना हलायला नको. खालची तळी चौकटीत पक्की बसवली. वरची तळी मुद्दाम लहान घेतली, कारण उभ्याने फिरवताना सारा भार खांद्यावर येतो. खुंटा लांब केला. दगडांभोवती उतरती लाकडी परात, परातीला तोंड, तोंडाखाली डबा, की वाकून पीठ गोळा करायला नको. पाठीमागे एक आडवी पट्टी, दमले की कंबर टेकायला. झाले. ह्यात काय मोठे, असे तुम्हाला वाटेल. मग हजारो वर्षे बायका जमिनीवर बसून दळत होत्या, तेव्हा तुमच्या शहाण्या पूर्वजांपैकी एकाच्याही डोक्यात हे का आले नाही, ते मला सांगा.

नव्या जात्यात आधी कोंडा दळून तो टाकून देतात, म्हणजे दगडाची कच निघून जाते. तेवढा कोंडा मिस्त्रींनी माझ्या पोटात घातला. गहू घालायला गेले, तर श्रीपादने त्यांचा हात धरला. "पहिले गहू आईच्या हातचे," तो म्हणाला. मला ते फार आवडले. मी गाडीत चढायला अगदी अधीर झाले होते.

आणि तिथेच शाळेचे मोठे मास्तर कडमडले. त्यांनी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "श्रीपाद, हे प्रदर्शनाला जाणार. साऱ्या हिंदुस्थानातले विद्यार्थी वस्तू पाठवताहेत."

"पण आई वाट बघतेय, मास्तर."

"चार महिन्यांचा तर प्रश्न! आईला म्हणावं, तुझ्या जात्याचं नाव कलकत्त्यापर्यंत पोचेल."

जणू काही इंदिराबाईंना कलकत्त्याला पीठ पाठवायचे होते. पण मास्तरांपुढे कोण बोलणार?

प्रदर्शनाच्या अर्जावर वडिलांची सही हवी, म्हणून कागद देवासला दत्तोपंतांकडे गेला. तुम्हाला देवासची मौज ठाऊक नसेल, तर सांगते. गाव एक, टेकडीवरची देवी एक, पण राज्ये दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याची ही बाजू ह्यांची, समोरची बाजू त्यांची. दत्तोपंतांची नोकरी थोरल्या पातीच्या कचेरीत आणि घर धाकट्या पातीच्या बाजूला. दोन्हीकडे मान लववून लववून ह्या माणसाच्या मानेला सरळ राहण्याची सवयच उरली नव्हती. अर्जात एक रकाना होता, विद्यार्थ्याचे संस्थान कोणते? थोरली पाती लिहावे, तर घराकडचे रागावतील. धाकटी लिहावे, तर नोकरीवर गदा. पंतांनी दोन दिवस टाक हातात धरला, घाम पुसला, आणि शेवटी नुसते ‘देवास’ लिहून मोकळे झाले. स्वतःच्या हुशारीवर इतके खूश झाले की त्या दिवशी जेवणात एक पोळी जास्त खाल्ली. मित्रांनो, जगाच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही गावच्या माणसाला ही चूक करता आली नसती.

मग महूपर्यंत बैलगाडी आणि पुढे आगगाडी. प्रदर्शनाच्या मंडपात माझ्या एका बाजूला हस्तिदंती पेटी, दुसऱ्या बाजूला जरीचा पडदा. समोर दोरी बांधलेली आणि दोरीवर पाटी, ‘हात लावू नये.’ जात्याला हात लावू नये! उद्या चुलीला सांगाल, पेटू नये. दीड महिना माणसे आली आणि गेली. एक शेटजी म्हणाले, "ह्याच्यावर फुलदाणी झकास दिसेल." परीक्षक आले तीन. एकाने छडीने माझा पाय ठोकला, दुसऱ्याने माझ्या पॉलिशात स्वतःच्या मिशा पाहिल्या, तिसरा सारखा घड्याळ पाहत होता. निकालात लिहिले, ‘रचना सुबक, लाकूडकाम निर्दोष, विद्यार्थी होतकरू. रौप्यपदक.’ मी दळते कसे, हे एकानेही पाहिले नाही. अहो, मूठभर गहू तर घालायचे होते! इतक्या मोठ्या मंडपात मूठभर गहू नव्हते?

पदकाच्या बातमीबरोबर देवासला दोन माणसांना जाग आली. थोरल्या पातीचे एक मानकरी उदाजीराव आणि धाकट्या पातीचे एक मानकरी मानसिंगराव. दोघांचेही राजदरबारी विशेष काही चालत नसे, म्हणून रस्त्यावर फार चाले. प्रशस्तिपत्रकात संस्थानाचे नाव नुसते ‘देवास’ असे छापलेले. बस्स, दोघांनाही वाटले, हा मान आपलाच.

माझी गाडी इंदूरकडून देवासात शिरली, तर रस्त्याच्या ह्या बाजूला एक बँड आणि त्या बाजूला दुसरा. ह्यांचे एक गाणे, त्यांचे भलतेच. बैल बुजले आणि रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसले. त्या सबंध गर्दीत शहाणपणाने वागले ते तेवढेच दोघे. एका माणसाने श्रीपादच्या डोक्यावर भरजरी फेटा ठेवला, दुसऱ्याने गळ्यात हार घातला. श्रीपाद इतका गोड हसत होता की मला त्याची कीव आली.

दत्तोपंतांच्या दारात इंदिराबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या. हातात सूप. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिले ते तिथून. त्यांनी माझे पॉलिश पाहिले नाही. त्यांची नजर थेट माझ्या उंचीवर गेली, आणि तिथल्या तिथे त्यांनी कोपर वाकवून अंदाज घेतला. मी म्हटले, हीच माझी बाई.

"श्रीपाद," त्या म्हणाल्या, "आधी आत आण रे ते. गहू निवडून ठेवलेत."

"थांब गं आई, जरा. एवढी मंडळी आलीत."

जरा! त्या एका ‘जरा’ची लांबी आठ वर्षे निघाली.

उदाजीराव पुढे झाले. "बक्षीस देवासचं. देवास म्हणजे थोरली पाती. जातं आमच्या दिवाणखान्यात राहील."

"पोराचं घर आमच्या बाजूला आहे," मानसिंगराव म्हणाले. "जातं आमच्याकडे येईल."

"बाप आमच्या कचेरीत खर्डेघाशी करतो!"

"जातं काय बापानं बनवलंय?"

दत्तोपंत मध्ये उभे राहून एकदा ह्यांना, एकदा त्यांना हात जोडत होते. तासभर हेच चालले. कोणी म्हणाले, गाडीचे डावे चाक कोणाच्या हद्दीत आहे ते बघा. खरोखर एक जण दोरी घेऊन रस्ता मोजायला बसला. शेवटी मानसिंगरावांना तोड सुचली. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "पात्या दोन, जात्याच्या तळ्याही दोन. वरची आमची, खालची तुमची. भांडणच मिटलं!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. न्याय झाला म्हणे, न्याय! वरची तळी आणि पदक मानसिंगरावांकडे, खालची तळी, लाकडी घडवंची आणि प्रशस्तिपत्रक उदाजीरावांकडे. "काय श्रीपाद, चालेल ना? थोडे दिवस गावाला बघू दे," उदाजीराव म्हणाले. आणि फेटा सावरत श्रीपादने मान डोलावली. त्याला वाटले असेल, महिना-पंधरा दिवस. मी नंतर त्याला क्षमा केली. पण त्या क्षणी मला हात असता तर तो फेटा मी नालीत फेकला असता.

इंदिराबाई सूप घेऊन आत गेल्या. थोड्या वेळाने आतून जमिनीतल्या जुन्या जात्याची घरघर ऐकू आली. बाहेर बँड अजून वाजतच होता.

उदाजीरावांचा दिवाणखाना पंतांच्या घराच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे. मला खिडकीशी ठेवले आणि अंगावर मखमलीचा रुमाल टाकला. आता मी खाली दगड असलेली, वर काहीच नसलेली एक घडवंची. पाहुणे आले की उदाजीराव रुमाल काढीत. "हिंदुस्थानात दुसरं आलेलं जातं!" पाहुणे "वा, वा" म्हणत आणि पानाचा डबा माझ्या दगडावर ठेवीत. तिकडे मानसिंगरावांनी काय केले असेल? दसऱ्याच्या दिवशी ते पदक स्वतःच्या अंगरख्यावर लावून स्वारीत मिरवले. जात्याचे पदक! माणसाने! उदाजीराव हे ऐकून हसले नाहीत, नुसते जळले. आपल्या वाट्याला कागद आला, ह्याचेच त्यांना दुःख.

खिडकीतून मला रोज पहाटे सारे ऐकू येई. आधी जुन्या जात्याची घरघर. मग ती थांबे. मग इंदिराबाईंचा आवाज, "विनू, हात दे गं." पहिल्या वर्षी एकदाच हाक मारावी लागे. पुढे विनू एकटीने पुरेना, शेजारीणही धावू लागली. विनोदिनीचे लग्न होऊन ती सासरी गेली, त्यानंतर हाक कोणाला मारायची? मग नुसते विव्हळणे ऐकू येई आणि भिंतीवर घासणाऱ्या बांगड्या. मी रस्त्याच्या ह्या बाजूला, कोपराच्या नेमक्या उंचीवर, मखमल पांघरून उभे. मित्रांनो, लाज म्हणजे काय, हे मला त्या मखमलीत कळले.

श्रीपाद पीपलरावां गावच्या शाळेत मास्तर झाला होता. सुट्टीला आला की तो दोन्ही दिवाणखान्यांचे उंबरे झिजवी. एकदा उदाजीरावांपुढे हात जोडून म्हणाला, "रावसाहेब, आता तरी द्या. आईला खाली बसवत नाही हो."

"मग दळायला बाई ठेवा."

"बाहेरच्या हातचं आमच्याकडे चालत नाही."

"तर मग तुमच्या सोवळ्यापायी आम्ही गावाची शान का घालवावी?" उदाजीरावांनी पान तोंडात टाकले. "आणि हे बघ, आधी त्यांना वरची तळी द्यायला सांग. त्यांनी दिली की आम्ही एका पायावर तयार."

श्रीपाद मानसिंगरावांकडे गेला. ते म्हणाले, "आधी त्यांना खालची द्यायला सांग." आठ वर्षे हाच खेळ. पोरे आट्यापाट्या खेळतात, त्यांनाही संध्याकाळी घरी जायची अक्कल असते.

तुम्ही विचाराल, दुसरे जाते का नाही केले? श्रीपाद तेच म्हणाला होता. उमाशंकर मिस्त्री तर लाकूड काढून बसले होते. पण ही कुणकुण उदाजीरावांच्या कानी गेली आणि ते कचेरीच्या व्हरांड्यात दत्तोपंतांना गोड आवाजात म्हणाले, "पंत, पदकाच्या वस्तूची नक्कल घरोघर झाली, तर आमच्या दिवाणखान्याची काय किंमत राहिली? तुमची नोकरी अजून बरीच आहे, नाही?" घरी येऊन पंतांनी श्रीपादचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घातली, दुसरे जाते करशील तर माझे मेलेले तोंड पाहशील. इंदिराबाई दाराआडून सारे ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "राहू दे रे. इकडची नोकरी राहिली पाहिजे." आणि दळायला बसल्या. बापाच्या गळ्याची शपथ त्या घरात कोणी मोडीत नसे. आईच्या कमरेची शपथ घालायची मात्र कोणाला कधी आठवण झाली नाही.

एका पहाटे समोरून घरघर आली नाही. दुसऱ्या पहाटेही नाही. तिसऱ्या दिवशी उदाजीरावांचा गडी झाडता झाडता कोणाला तरी सांगत होता, "पंताच्या घरची बाई खाटेला लागली. आता उठणं नाही म्हणतात." उदाजीराव शेजारीच बसले होते. त्यांनी "अरेरे" म्हटले आणि चहा मागवला.

मला सोडवले कोणी, ठाऊक आहे? एका भोंग्याने. उदाजीरावांनी इंदुराहून ग्रामोफोन आणला, कर्ण्यासकट. तो खिडकीशीच शोभेल असे ठरले. मी अडचण झाले. "त्या पंताला सांगा, दगड घेऊन जा म्हणावं," असे ते गड्याला म्हणाले. आठ वर्षांची शान, आणि उचलायला पाच मिनिटे. हे कळताच मानसिंगरावांची गंमतच गेली. भांडायला समोर कोणी उरले नाही, मग वरची तळी घेऊन काय करायचे? दुसऱ्या दिवशी तीही आली. पदक तेवढे आले नाही. ते त्यांच्या अंगरख्याला फार शोभत होते म्हणे.

श्रीपाद दिवाळीच्या सुट्टीत घरी होता. त्याने माझ्या दोन्ही तळ्या पुसल्या, खुंटा ठोकला, आणि मला इंदिराबाईंच्या खाटेजवळ आणून उभे केले. उभे केले आणि मग त्याच्या लक्षात आले. मी उभ्याने दळणाऱ्या बाईसाठी केलेले. त्या आता उभ्या राहू शकत नव्हत्या. खाटेच्या कडेवर, पाठीला उशा देऊन, कशाबशा बसत. माझा खुंटा त्यांच्या डोक्याच्याही वर. श्रीपादने तोंड दोन्ही हातांत झाकले आणि सव्वीस वर्षांचा तो बाप्या लहान मुलासारखा हमसून रडला. "आई, त्या दिवशी मी फेटा सांभाळत बसलो गं," तो म्हणाला.

दत्तोपंत दारातून म्हणाले, "देवघरापाशी ठेवू या. प्रशस्तिपत्रकही आलंय. भिंतीला छान दिसेल."

इंदिराबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग म्हणाल्या, "श्रीपाद, रडणं पुरे. करवत आण."

"करवत?"

"पाय काप त्याचे. माझ्या खाटेला लागेल एवढं कर."

"अगं आई, साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेली वस्तू आहे ही. पदक मिळालंय."

"मग पदकाला सांग दळायला."

पंत घाबरून पुढे आले. "अगं, रावसाहेब काय म्हणतील?"

"नोकरी सरली ना इकडची गेल्याच महिन्यात?" इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या. "मग आता कोणाला भ्यायचं?" पंतांनी तोंड उघडले आणि तसेच मिटले. उभ्या जन्मात त्यांनी केलेले हे पहिले शहाणपणाचे काम.

श्रीपादने वितीने खाटेची उंची मोजली, माझ्या चारही पायांवर खुणा केल्या आणि करवत चालवली. भुसा उडत होता. माझ्या सुबक रचनेचे, निर्दोष लाकूडकामाचे तुकडे जमिनीवर पडत होते, आणि मित्रांनो, खोटे सांगत नाही, मला इतके बरे वाटले. मग इंदिराबाईंनी ओंजळीत गहू घेतले. निम्मे परातीत सांडले. त्यांनी खुंटा धरला, श्रीपादने खालून हात लावला, तसा त्यांनी तो झटकला. "माझं मी दळीन." एक फेरा झाला. दुसरा झाला. परातीच्या तोंडातून पिठाची बारीक धार डब्यात पडू लागली. त्या पिठात बोट घालून त्यांनी ते जिभेला लावले आणि म्हणाल्या, "बारीक पडतंय हो."

एवढेच. मला मिळालेले खरे बक्षीस हे.

चार दिवसांनी उदाजीराव आले. बहुधा ग्रामोफोनचा कंटाळा आला असावा. मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "सत्यानाश! अहो पंत, एवढी नामांकित वस्तू, आणि ही दशा? सगळं पिठानं माखलंय!" इंदिराबाईंनी खुंटा थांबवला नाही. म्हणाल्या, "बसा ना रावसाहेब. बघायचं होतं ना तुम्हाला हे जातं? आता बघा. आठ वर्षं हे तुमच्याकडे होतं, तेव्हा दिसलं नसेल." उदाजीराव बसले नाहीत. घाईघाईने जोडे घालून रस्ता ओलांडून गेले.

इंदिराबाईंनी पुढे तीन वर्षे माझ्यावर दळले, जेवढे हाताने होईल तेवढे. एखाद्या दिवशी बाटीसारख्या बाफल्यांचे जाडसर पीठ, एखाद्या दिवशी नुसतीच मूठभर ज्वारी. एक दिवस त्यांचा हात खुंट्यावरून खाली गेला तो परत वर आला नाही. लोक श्रीपादला म्हणाले, निदान शेवटी तरी तुझं जातं तिच्या कामी आलं. लोकांना असले काहीतरी बोलायला फार आवडते.

तर मित्रांनो, तुम्हीही उद्या काही बनवाल. कोणी तुमची पाठ थोपटेल, हार घालील, दोरी बांधून पाटी लावील. खुशाल लावू द्या. पण वस्तू ज्याच्यासाठी केलीत, त्याच्या हातात ती आधी द्या. फेटा नंतर बांधून घ्या. आणि कोणाची चांगली वस्तू आवडली, तर तिच्यावर मखमल घालू नका, तिला राबवा. राबून झिजण्यात आम्हाला काडीचे दुःख नाही. माझ्याकडेच पाहा ना. गेल्या वर्षी टाकी लावणारा पाथरवट आला होता. माझ्या तळीवरून हात फिरवून म्हणाला, "इतनी पुरानी चक्की, और पत्थर एकदम नया!" त्याने ते कौतुक म्हणून म्हटले. पण त्या आठ वर्षांत कोणाला तरी झिजावे लागणारच होते. मी झिजले नाही, म्हणून इंदिराबाई झिजल्या.